न प्यालेली दारू

इंद्रभानच्या आधी त्याची एक चप्पल घरी आली. किराणा दुकानवाला पंजाबराव ती दोन बोटांत धरून दारात उभा राहिला. म्हणाला, ही आमच्या दुकानासमोर पडली होती, तुमचा माणूस तसाच पुढं निघून गेला, हाका मारल्या तरी वळला नाही. हे सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. रुख्मिणीनं चप्पल घेतली आणि चहा घेता का म्हणून विचारलं, तर तो नको म्हणाला आणि गेला.

नवरा विहिरीकडून फेरा मारून आला. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, अंगठ्याचं नख उलटलेलं, आणि त्यातून रक्त येत होतं. तो सरळ येऊन ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं.

"अवो, पायात काय हाये ते पाहा," रुख्मिणी म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. घरात कोणी अनोळखी माणूस येऊन बसावा आणि त्याच्याकडे बघावं, तसा तो त्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कधी निघाली असीन?"

दिवाळीपासून हे असं होतं. आधी तळव्यांना मुंग्या आल्या, मग मोजे घातल्यासारखं वाटू लागलं. ज्यानं जन्मात मोजे घातले नाहीत त्याला ते सांगताही येईना. हळूहळू घोट्यापर्यंत गेलं, मग पोटऱ्या गेल्या. आता गुडघ्याखालचं सगळं लाकडाचं झालं होतं. दिवसा डोळ्यांनी बघून पाय टाकावा लागे, आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाऊन भिंतीवर आदळायचा.

उपचारात त्यांनी कसूर केली नव्हती. शेगावच्या डॉक्टरनं साखर तपासली, ती नव्हती. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरनं मणक्याचा फोटो काढला, पायाला वायर लावून करंट दिले, रक्ताच्या बाटल्या भरून घेतल्या. कुष्ठाची तपासणी झाली, तेही निघालं नाही. नसा कमजोर झाल्यात एवढं कळलं, कशानं झाल्या ते कळलं नाही. होतं असं काही जणांना, डॉक्टर म्हणाला, कारण सापडत नाही. त्यानं लाल इंजेक्शनं लिहून दिली आणि पुन्हा यायला सांगितलं. येताना गाडीत रुख्मिणीनं विचारलं, आजाराचं नाव काय म्हणाले? इंद्रभान म्हणाला, नाव नाही. तिला आधी बरं वाटलं आणि स्टेशन यायच्या आत भीती वाटायला लागली.

गावात त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. इंद्रभान शेतमालक उकंडरावाचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच वावरात राबत आलेला. दर पाडव्याला साल ठरायचं, उकंडराव हातावर नारळ ठेवायचा, की पुढच्या पाडव्यापर्यंत घरात ज्वारी-गव्हाची ददात नाही. पोरगी मयुरी खामगावला नर्सिंगला शिकत होती ती या सालाच्याच जोरावर. साल गेलं तर रोजंदारी, आणि पन्नाशीला टेकलेल्या, पाय ओढत चालणाऱ्या माणसाला रोजानं कामाला कोण सांगतो?

उकंडराव काही वाईट माणूस नव्हता. इंद्रभानच्या आधीच्या म्हाताऱ्या सालदाराच्या डोळ्यांत मोती पडला तेव्हा त्यानं त्याला धोतरजोडी दिली, नारळ दिला, गावासमोर त्याच्या पाया पडला आणि घरी पाठवला. म्हातारा त्याच वर्षी खंगून गेला. दुसरा एक गडी होता, तो पट्टीचा पिणारा. त्याला उकंडराव शिव्या द्यायचा, नालीतून उचलून आणायचा, एकदा तर बैलगाडीत बांधून आणला, पण त्याचं साल कधी मोडलं नाही. तो स्वतःच्या मरणानं मरेपर्यंत सालावर होता. हे दोघं इंद्रभाननं डोळ्यांनी पाहिले होते.

पुसाच्या महिन्यात गव्हाला पाणी चालू होतं. पाणी वळवणाऱ्या माणसाचे डोळे वाफ्यावर नसतात, ते पुढच्या वाफ्याच्या दारावर असतात. वाफा भरला हे पायाला कळतं. गार पाणी घोट्याला लागलं की फावड्यानं दार बांधायचं आणि पुढचं फोडायचं. इंद्रभानचं सगळं आयुष्य असं गेलेलं. त्या दिवशी तो फावड्यावर हात टेकून उभा होता, पाणी कधीच वाफा ओलांडून पलीकडच्या हरभऱ्यात शिरलं होतं, आणि हा त्या पाण्यात नडगीइतका उभा राहून पाण्याची वाट बघत होता. बांधावरून उकंडराव ओरडला. इंद्रभान दचकून वळला, चिखलात पाय कुठं आहे ते दिसलं नाही, आणि तो पाटात तोंडावर पडला. उठायला गेला, पुन्हा पडला.

उकंडराव जवळ आला. वाकून बघितलं.

"पेला का बे?"

इंद्रभान गुडघ्यावर होता. तोंडात चिखल गेला होता. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मान खाली घातली.

मग उकंडरावानं त्याला मनसोक्त झापला. तू विहारात पंचशील म्हणणारा माणूस, तुझी पोरगी नर्सबाई होणार, तुला लाज कशी नाही वाटली, असं पुष्कळ. बोलून बोलून थकला तेव्हा स्वतःच फावडं उचलून दार बांधलं आणि जाता जाता म्हणाला, "उद्या लवकर ये. अन् तोंड धुऊन ये."

उद्या ये, म्हणाला. इंद्रभाननं ते तेवढंच ऐकलं.

घरी आल्यावर त्यानं रुख्मिणीला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तशीच राहिली. ज्या माणसानं लग्नाच्या वरातीतही सोडा प्यायला, त्याला ती चांगली ओळखत होती. तिचा बाप दारूनं गेला होता आणि हा पीत नाही एवढं एकच बघून आईनं तिला या घरी दिली होती. ती म्हणाली, मी आत्ता जाते आणि मालकिणीला सांगते. इंद्रभाननं तिचा हात धरला.

"काय सांगशीन? पाय गेले म्हनून?"

ती बसली. तव्यावर आधीची भाकरी जळत होती, तिचा वास घरभर झाला.

गावाला काय, बातमी पाहिजेच असते. आठवड्यात सगळ्यांना ठाऊक झालं की इंद्रभान पितो. चप्पल कशी पडली ते पंजाबरावाला आता उमगलं, आणि ज्यांना ज्यांना त्याचा धक्का लागला होता त्या सगळ्यांना उमगलं. नळावर बाया रुख्मिणीला पुढं पाणी भरू देऊ लागल्या. तिला त्या मायेचा इतका राग यायचा की घागर अर्धी भरली तरी ती निघून यायची.

विहारात दर रविवारी वंदना इंद्रभान म्हणायचा. आवाज चांगला, आणि पाली उच्चार भिमाबाईनं लहानपणी पाठीत धपाटे घालून पक्के करून घेतलेले. भिमाबाई आता थकली होती, पण विहारात तिचा शब्द चालायचा. ती स्वतः चालत त्याच्या घरी आली, ओट्यावर टेकली, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली.

"इंद्रभान, काही दिवस तू मागं बस बापा," शेवटी ती म्हणाली. "दारू न पेन्याचं पाचवं शील तुह्या तोंडून आता लोकायले कसं वाटीन?"

तो हो म्हणाला. भिमाबाईला वाटलं होतं हा भांडेल, रडेल, खोटं आहे म्हणेल. तो नुसता हो म्हणाला, तेव्हा तिचा चेहरा पडला आणि ती काठी शोधत उठली. रुख्मिणी आत दाराला टेकून उभी होती. बाहेर येऊन खरं सांगावं असं तिला फार वाटलं, पण भिमाबाईला खरं कळलं तर ती सगळ्यांना सांगणार, छातीवर हात ठेवून अभिमानानं सांगणार, हेही तिला माहीत होतं.

मयुरीचा फोन आला तो दुसऱ्याच दिवशी. गावातल्या कोणीतरी तिला कळवलं होतं. ती फोनवर रडत होती आणि फोन बाबांना दे म्हणत होती. इंद्रभाननं फोन घेतला नाही, हातानंच नको नको केलं. पोरीला खरं कळलं तर ती कॉलेज सोडून पाय चोळायला घरी येऊन बसेल, ही त्याची धास्ती. रुख्मिणी फोनवर म्हणाली, तू अभ्यास कर, माणसाला होते कधी कधी, सुटेल. फोन ठेवल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं की लेकीसमोरही दारुडाच राहणार का. तो पाठ फिरवून झोपला. त्यानंतर मयुरीचे फोन कमी झाले.

पायांवर इलाज चालू होतेच. एरंडाची पानं बांधून झाली, करंजाचं तेल झालं. कोणीतरी म्हणालं विटेचा शेक नसांना जागं करतो. रुख्मिणीनं चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, तळव्याखाली ठेवली. शेकाची रीत सगळ्या घरांत एकच असते, घेणाऱ्यानं हुं म्हटलं की काढायची. ती वाट बघत बसली. तो म्हणाला, काही वाटत नाही, अजून तापव. तिनं तापवली. अजून, तो म्हणाला. एकदा तर त्याला वाटलं की वाटतंय, अंगठ्यापाशी काहीतरी ऊन ऊन, आणि दोघं अशी खूश झाली की तिनं वीट तशीच दाबून धरली. मग फडक्याचा वास आला, आणि त्यात आणखी एक वास होता. तिनं पाय उचलून बघितला. टाचेची कातडी विटेला चिकटून आली होती.

ती ओरडली. त्याला काहीच झालं नव्हतं, तो तिच्याकडे बघून विचारत होता काय झालं म्हणून. तिनं आपला हात विटेवर ठेवला आणि मग खेचून घेतला, आणि एवढं दुखतं हे कळल्यावर ती रडायला लागली. तिचा हात पोळला म्हणून इंद्रभान धावपळ करायला उठला आणि त्या सोललेल्या पायावर उभा राहिला.

तो फोड माघ संपला तरी भरला नाही. प्लास्टिकची पिशवी, वरून चिंधी, वरून रबरी बूट, असा तो कापसाची वाळली पऱ्हाटी उपटायला जायचा. वास मारू नये म्हणून रुख्मिणी रोज हळद आणि मयुरीच्या पेटीतली पावडर भरायची.

पाडवा पंधरवड्यावर आला तेव्हा झुंबरबाईनं रुख्मिणीला धान्य निवडायला बोलावलं. झुंबरबाई म्हणजे उकंडरावाची बायको, मऊ स्वभावाची. तिनं आधी पदराखालून एक पुडी काढून दिली. दारू सोडवायचं औषध, डाळीत घालायचं, नवऱ्याला कळू द्यायचं नाही. माझ्या भावाला गुण आला, म्हणाली. रुख्मिणीनं पुडी कपाळाला लावून घेतली. मग झुंबरबाई आवाज उतरवून बोलली. आमचा शिवम काहीतरी भलतंच बोलून राहिलाय, तुझ्या कानावर असलेलं बरं.

शिवम उकंडरावाचा धाकटा. त्याला सालदार हा प्रकारच नको होता. ट्रॅक्टर होता, फवारणीला माणसं ठेक्यानं मिळत होती. त्याचं म्हणणं असं, की इंद्रभानच्या तोंडाला वास कधीच येत नाही, दारूचं हे नाटक आहे, माणसाचे पायच गेलेत.

"म्या म्हटलं, असं नको बोलू बाप्पा गरिबाच्या वाइटावर," झुंबरबाई म्हणाली. "पेणारा आज ना उद्या सुधरते. पन पाय गेलेला गडी ठेवून काय करतीन हे? नारळच देतीन ना त्याले."

रुख्मिणी गहू निवडत राहिली. कोणता खडा आणि कोणता दाणा हे तिला दिसेना झालं. घरी येऊन तिनं ती पुडी चुलीत टाकली, आणि टाकल्यावर हळहळली. काय सांगता येतं, पायाला लागू पडली असती तर! इतकी ती टेकीला आली होती.

बाजाराच्या दिवशी ती वरवट बकालला गेली. तेल घेतलं, मिरची घेतली, आणि मग डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून, येताना रस्त्यात लागणाऱ्या देशी दारूच्या दुकानापुढं जाऊन उभी राहिली. पाय पुढं जाईना. तिच्या बापाला आणायला लहानपणी आई तिला अशाच दुकानापुढं उभं करायची. आत बसलेली माणसं बाहेर बघायला लागली. जाळीमागच्या माणसानं विचारलं, कोणती देऊ?

तिला एकही नाव माहीत नव्हतं.

"ज्याले जास्त वास येते ते द्या," ती म्हणाली.

आतला एक जण हसला, मग दुसरा हसला. जाळीमागचा माणूस हसला नाही, त्यानं कागदात गुंडाळून बाटली दिली. ती मिरचीच्या पिशवीत घालून रुख्मिणी घरापर्यंत इतक्या जोरात चालत आली की बरगडीत चमक भरली.

इंद्रभाननं बाटली पाहिली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. ती तिनं आणली हेच त्याला खरं वाटेना. तो म्हणाला, मी हे करणार नाही. साल जाऊ दे. तिनं डब्यातली ज्वारी सुपात ओतून दाखवली. सुपाचा तळ दिसत होता.

पाडव्याच्या सकाळी त्यानं धुतलेला पांढरा सदरा घातला. रुख्मिणीनं बाटलीचं बूच काढलं, ओंजळीत घेऊन त्याच्या कॉलरला चोळली, बाहीला चोळली. एवढ्यानं भागणार नव्हतं, शिवम तोंडाचा वास घेणार होता. भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींकडे पाठ करून इंद्रभाननं न्हाणीच्या दगडापाशी एक चूळ भरली. ती जीभ जाळत गेली, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं थुंकली, पुन्हा पुन्हा थुंकत राहिला. एखादा थेंब घशाखाली गेला की काय ते त्याला कळेना, आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं. रुख्मिणी भिंतीला डोकं लावून उभी होती.

उकंडरावाच्या ओसरीत गुढी उभी होती. झुंबरबाई कडुलिंबाची पानं आणि गूळ वाटत होती. शिवम खुर्चीत मोबाइल बघत बसला होता. इंद्रभान आल्याबरोबर तो उठला, अगदी जवळ आला, आणि नाक मुरडून मागं झाला.

"सणाच्या दिवशी," तो बापाला म्हणाला, आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. त्याचा चेहरा हरल्यासारखा झाला होता.

 उकंडरावानं इंद्रभानला समोर बसवलं. इंद्रभान बसला तो खांब धरून. रुख्मिणी झुंबरबाईच्या मागं उभी राहिली. तिला एवढंच हवं होतं की हे लवकर व्हावं.

"साल तुलेच देतो," उकंडराव म्हणाला. "पन आता असं नाई चालनार. तुमच्या बाबासाहेबाची शप्पथ घे. आजपासून सोडली म्हन."

 आजवर इंद्रभाननं खोटं म्हणून काही उच्चारलं नव्हतं. लोक बोलले, तो गप्प राहिला, एवढंच. सोडली म्हणायचं म्हणजे घेत होतो म्हणायचं, आणि तेही बाबासाहेबाच्या नावानं. त्यानं रुख्मिणीकडे पाहिलं. ती मुद्दामच जमिनीकडे बघत होती.

"बाबासाहेबाची शप्पथ," तो म्हणाला. "आजपासून सोडली मालक."

उकंडरावाला बरं वाटलं. त्यानं इंद्रभानच्या हातावर नारळ ठेवला आणि जरा पुढं सरकला. मीही तरणा होतो तेव्हा फार घेत होतो, म्हणाला, या झुंबराला विचार. मलाही वाटायचं पाय आपले नाहीत. बुद्धजयंतीपर्यंत तुला पाहतो. तवर पाय सरळ पडले नाही तर तू शपथ मोडली असं समजेन, आणि मग मात्र साल शिवम म्हणेल तसं.

"एक महिना हात नको लावू. पाय आपोआप जाग्यावर येतात."

इंद्रभाननं मान वर केली. "येतात मालक? खरंच येतात?"

"येतात. मले पाह्य ना."

इंद्रभान नारळ दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याला रडू फुटलं. दारुड्याला पश्चात्ताप झाला असं सगळ्यांना वाटलं. झुंबरबाईनंही डोळ्यांना पदर लावला, शिवमनं मोबाइल खाली ठेवला. रुख्मिणीला मात्र समजलं, की तो माणूस आत्ता क्षणभर उकंडरावावर विश्वास ठेवून बसला होता.

तो ओसरीच्या कडेला आला. मग हळूच म्हणाला, "मयुरीची माय, मी पेत असतो तं किती बरं झालं असतं. आज सोडून देल्ली असती."

पुढं तीन पायऱ्या होत्या. मागून उकंडराव बघत होता, म्हणून तिला हात धरता येईना.

"डावा उचला," ती ओठातल्या ओठात म्हणाली. त्यानं खाली पाहिलं आणि डावा पाय उचलला.